दुसऱ्या बैलाची मान

बाबा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की जोडी पूर्ण झाली. ते बरोबर नव्हतं. लोखंडी बैल दोन झालेत, जोडी झालेली नाही.

शेजारच्या मावशींनी खरे बैल विकले त्या वर्षी तुम्ही त्यांना पोळ्याला पुजायला लोखंडी जोडी करून द्यायची म्हणून त्यांच्या मोडक्या नांगराचा फाळ मागून आणला होता. ज्याच्या घरचा पोळा, त्याच्याच घरचं भंगार, असा तुमचा नेम. अर्ध्या फाळाची मान आणि तोंड, झिजलेल्या विळ्यांची शिंगं, सायकलच्या चेनची शेपटी. एक बैल झाला आणि तुम्ही गेलात. एकटा बैल पूजेला देत नाहीत, म्हणून तो इतकी वर्षं आपल्या वेल्डिंगच्या दुकानातच उभा आहे. आई दादाकडे पुण्याला गेल्यापासून इथं बोलायला कोणी नाही. मी त्याच्याशीच बोलते.

मी मोजायला पट्टी घेतली की तुम्ही रागावायचात. "पट्टी ठेव. आधी बघ." यंदा मी पट्टीच घेतली. उरलेला अर्धा फाळ काढला आणि चुकू नये म्हणून प्रत्येक माप तुमच्या बैलावरून घेतलं, मानेचा वाकसुद्धा.

परवा मावशी बघायला आल्या. गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "काहून गं, भांडले का हे? ह्यो त्याच्याकडं पाहून राहिला, अन् त्यो भिंतीकडं."

तेव्हा मला दिसलं. तुमच्या बैलानं मान वळवली आहे, कारण त्या बाजूला दुसरा यायचा होता. मी तीच मान पुन्हा केली. मावशी हसल्या, पण जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, यंदा तरी आमच्या घरी पोळा होईल ना. मी हो म्हणाले.

मान कापून फिरवावी लागेल. कापताना फाळ तडकला तर त्यांच्या घरचा तिसरा तुकडा नाही. ग्राइंडर हातात घेते आणि परत ठेवते.

हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं तुमच्या खिळ्यांच्या डब्यात जाईल. म्हणून एवढं सांगते. मावशी गेल्यावर मी आधी दोघांच्या जागा बदलून पाहिल्या. माझा बैल तुमच्या बैलाकडे बघायला लागला, आणि तुमच्यानं तोंड फिरवलं. मला ते बघवलं नाही. लगेच होते तसे ठेवले.

खांदमळणीला, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मी माझ्या बैलाची मान कापणार आहे.