एकदा तिला 'जा' म्हण

बुधवार, १४ तारीख
सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र पार्सलच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. तो तुमच्याच रस्त्याने जातो, दुपारपर्यंत तुझ्या दारात येईल. तुझ्या सौ.चा खोकला थांबला का? मी आणि तुझी भिंगरी, आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. म्हातारपणाची चेष्टा, दुसरं काय.

तुझ्या लेकीची सायकल झाली बरं का. रागावू नकोस, आधी वाच. फ्रेम चीनहून आली, माणूस झोपेल एवढ्या लांब खोक्यात. उचललं आणि मला वाटलं, मेल्यांनी रिकामंच खोकं पाठवलं! कार्बन म्हणजे काय ते तेव्हा कळलं. काळं कापड गोंदात भिजवून कडक केल्यासारखं, आणि वजन पापुद्र्याचं. मग रोज एकेक पुडकं. गिअर एका दुकानाचे, ब्रेक दुसऱ्याचे, चाकं तिसऱ्याची. सगळं स्वस्तातलं आणि कुणाचा कुणाला मेळ नाही. सगळे पाहुणे एका घरात आले आणि कुणीच कुणाशी बोलेना, तसं. पण आम्ही बोलकं केलं. भिंगरी रोज क्लासवरून आली की दप्तर फेकून माझ्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात.

"आत्या, हळू! हे कार्बन आहे."

"मग मी काय लोहार आहे?"

"हातोडी तर लोहाराचीच दिसतेय."

हसून हसून पुरेवाट झाली आमची. तुझे भावजी गेल्यावर दुकानात एवढं हसणं पहिल्यांदाच झालं असेल. मला कुणी शिकवलं नाही, तुला ठाऊक आहे. ते काम करायचे, मी बघायची. पुढे ते बघायचे, मी करायची. गिऱ्हाईक आधी मला बघून परत फिरायचं, मग माझंच नाव काढत यायचं. आता भिंगरी मैत्रिणींना सांगते, "माझ्या आत्याने हात लावला म्हणजे देवाला विचारायला नको." मी वरवर गप्प बस म्हणते. आतून फुगते.

सायकल इतकी देखणी झालीय म्हणून सांगू! चेन फिरते ती कानाला कळत नाही.

किती लांबण लावतेय मी. तू ओळखलं असशील. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की मी आधी तुझे लाड करायची.

धाकट्या, माझ्या हातून चूक झालीय.

पुढचं चाक धरणारा जो फोर्क असतो, त्याची दांडी फ्रेममधून वर येते आणि तिच्यावरच हँडल बसतं. सगळा पुढचा भार तिच्यावर. लोखंडी दांडी असली की आम्ही तिच्यात वरून एक पाकळ्यांची चकती ठोकतो. पाकळ्या आतून धरतात आणि वरचा बोल्ट सगळं घट्ट ओढतो. आयुष्यभर ठोकत आले. भिंगरी सरावाला गेली होती, मी सवयीने हातोडी घेतली आणि ठोकली. चकती कशी सुरेख बसली म्हणून खूशही झाले.

कार्बनच्या दांडीत ती ठोकायची नसते. पाकळ्या आतून चिरतात. तिच्यासाठी वेगळं बूच येतं, ते पिळलं की आतल्या आत फुगून धरतं. आलं होतं ते, एका पिशवीत. खोक्यात कागद नाही, अक्षर नाही. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा तुकडा आला. टाकला सुट्या सामानात. मागच्या आठवड्यात फोनवर कुणा परक्या माणसाचा व्हिडिओ लागला, त्याच्या हातात तेच बूच. तो काय म्हणाला ते ऐकलं आणि चहाचा कप तोंडाशी नेलेला तसाच खाली ठेवला.

उघडून बॅटरीने आत पाहिलं. पाकळ्या रुतल्यात, भोवती काळी कुसं उठलीत, आणि खाली केसासारखी एक रेघ गेलीय. ओरखडा आहे की तडा, मला सांगता येत नाही. लोखंड मोडायच्या आधी कुरकुरतं, वाकतं, माणसाला सावध करतं. हे मुकं आहे. मोडेलच असं मी म्हणत नाही. मोडणार नाही, असं म्हणायची माझी छाती नाही. येत्या रविवारी तिची शर्यत आहे, ती टेकडीवरून खाली उतरते. उतारावर दांडी तुटली तर हँडल तिच्या हातात राहील आणि सायकल कुठच्या कुठे. पुढचं लिहवत नाही.

नवा फोर्क मागवलाय. तो समुद्रात कुठेतरी आहे.

तू म्हणशील, पोरीला सांगितलं नाहीस? त्याच दिवशी सांगितलं. समोर बसवून, दांडी दाखवून. ती हसली.

"बाबांनी सांगितलं ना तुला?"

"अगं, नाही गं बाई. शप्पथ."

"आत्या, तूच मला सांगितलंस. बाबा म्हणाले, काहीतरी खोट काढ आणि हिला थांबव."

खरं आहे रे. गेल्या वर्षी तिचं खांद्याचं हाड मोडलं, त्यानंतर तू मला तसं म्हणाला होतास, आणि मी ते तिला हसत हसत सांगितलं होतं. म्हटलं, बापाची माया कशी वाकडी वाट काढते बघ. मला वाटलं, तुमच्यातली अढी जरा सुटेल. आता तेच माझ्या अंगावर आलं.

मी रडले तर म्हणाली, "नाटक छान करतेस." मग गळ्यात पडून म्हणाली, "तू चुकूच शकत नाहीस." लोकांनी माझ्या हातावर विश्वास ठेवावा म्हणून जन्म घालवला मी, आणि आज या एका पोरीचा विश्वास मला मोडता येत नाहीये.

त्या दिवसापासून ती सायकल घरी आणत नाही. कुठे ठेवते ते सांगत नाही. नाहीतर मी करवत लावली असती, तुझी आण. त्यांच्या कोचकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, मुलगी सज्ञान आहे. घरातलं घरात मिटवा." तिची मैत्रीण या वेळी शर्यतीत उतरत नाहीये, ती आपली सायकल द्यायला तयार आहे. भिंगरी म्हणते, परक्या सायकलवर बसवून हरवायचा बेत आहे तुमचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून तुझ्यापुढे पदर पसरतेय. सोनारानेच कान टोचावे. तू 'जाऊ नकोस' म्हणालास तर ती त्याच सायकलवर जाईल, दुप्पट जोराने. तू तिला 'जा' म्हण. बापाने मनापासून जा म्हटलं, तर तिला थांबवायचा डाव कुठे उरला? मग ती माझं ऐकेल. "शर्यतीत उतर, मी बघायला येतो, फक्त मैत्रिणीची सायकल घे," एवढंच म्हण. तुला तिचं ते मोडलेलं हाड आठवत असणार, घशातून शब्द निघणार नाही, मला कळतं. तरी काढ. आणि खोटं खोटं म्हणू नकोस. ती तुझीच आहे, लगेच ओळखेल.

फोन उचलणार नाही ती, तुझ्यावरच गेलीय. तूच ये. शनिवारी आलास तरी चालेल, उद्या आलास तर बरं.

आत्ताच ती डबा घेऊन बाहेर पडली. दारातून ओरडली, "आत्या, उतारावर कशी पळते गं तुझी सायकल!" मी हात हलवला. दुसरं काय करणार होते?

गाडीवाला हॉर्न वाजवतोय.

तिला जन्म तू दिलास, सायकल मी दिली. माझं काम माझ्या हातून सुटलंय. तू तुझं धर.

तुझी,
ताई