गेणूसाठी हिरवा दांडू

२१ एप्रिल १९९६, रविवार
वही, दोन महिने लिहिलं नाही, माफ कर. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मोटर चालू होईना म्हणून एक बुक्की दिली होती. चूक मोटरचीच.

पळसदेवहून धाकट्या भावाचा, गेणूचा निरोप आला. अकरा वर्षांनी. त्याच्या नातीचं, प्रतीक्षाचं लग्न. मांडवावर घालायचे हिरवे मांडवडहाळे थोरल्या भावानंच, म्हणजे मी, आणायचे म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी बांधावर माझी काठी त्याच्या डोक्यात बसली होती. चौदा टाके. खरं तर डोकं त्यानंच मध्ये आणलं.

आजपासून राग बंद. कायमचा.

२३ एप्रिल
डहाळ्यांबरोबर गेणूला काहीतरी द्यायचं. मेंढरांमागं आम्ही दिवसभर विटीदांडू खेळायचो. तोच करून द्यायचा, मांडवासारखा हिरवागार. बारामतीला संभाजी सुताराकडं गेलो. तो म्हणाला, आबा, आता प्लॅस्टिकची बॅट घ्या. वर हसला. एकच कानाखाली दिली. पूर्वी तीन दिल्या असत्या. सुधारणा आहे.

२६ एप्रिल
आढ्याला जुनी काठी सापडली. बाभळीची, धुरानं लोखंड झालेली. तिचाच दांडू केला, उरलेल्या तुकड्याची विटी. वडिलांनी बसवलेलं पितळी कडं मुठीला तसंच ठेवलं. पकड फर्स्टक्लास.

म्हाळसा म्हणाली, "आवं, ही तीच काठी न्हवं?"

मी म्हणालो, लाकूड ते लाकूड. असलं मुरलेलं बाजारात मिळतं का? ऑइल पेंटचे दोन हात दिले. आता कोण ओळखतंय?

२८ एप्रिल, सकाळ
अंगणात ट्रायल घेतली. विटी शेजारच्या भिमाच्या भुवईवर. रक्त आलं. तो विळा घेऊन धावला. मी अजिबात चिडलो नाही. शांतपणे त्याला हौदात ढकललं आणि आत जाऊन चहा प्यालो.

१ मे
टेम्पोत आंब्याच्या, जांभळीच्या डहाळ्या भरल्या. उद्या हळद. म्हाळसा म्हणते, दांडू घरीच ठेवा. बायकांना भेटवस्तूतलं कळत नाही.

३ मे. इंदापूर, दवाखाना
काल मांडवात हलगी वाजत होती. गेणूनं डहाळ्या उतरवून घेतल्या, पाया पडला, मिठी मारली. दोघंही रडलो. तिथंच थांबायला हवं होतं, असं म्हाळसाचं मत.

मी सगळ्यांदेखत दांडू त्याच्या हातात दिला. त्याचा अंगठा पितळी कड्यावर गेला. दुसरा हात फेट्याखालच्या खुणेवर.

"दादा, ही तीच हाय का?"

"व्हय. पण आता हिरवी हाय."

पुढचं नीट आठवत नाही. पाहुण्यांनी मला डहाळ्यांच्या टेम्पोतच घालून इथं आणलं. बारा टाके. त्याच्यापेक्षा दोन कमीच. हळद, लग्न, काहीच बघायला मिळालं नाही.

दांडू त्यानं ठेवून घेतला. म्हणजे भेट पसंत पडली. म्हाळसा भिंतीकडं तोंड करून बसली.

संध्याकाळ
विटी माझ्या खिशातच राहिली. तिचा हिरवा रंग बोटांना लागतोय, नीट वाळलाच नव्हता. नुसत्या विटीनं खेळता येत नाही. नुसत्या दांडूनंही नाही.

गेण्या, पहिला डाव तुझा, मी डोकं खाली घालून उभा राहीन. पण निरोप लवकर धाड.