जिन्यांच्या व्याख्यानाला आलेल्या एकशे त्रेचाळीस दाढा

तीर्थस्वरूप आत्यास,

दातांच्या दवाखान्यातल्या टेबलामागून भाचीचा साष्टांग नमस्कार. (इथे वाकायलाही जागा नाही, पण मनातून वाकले आहे.) गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू त्याच्याबद्दल दोन पानं लिहिलीस आणि बाबांबद्दल एक ओळही नाही, त्यावरून दुखणं अजून ताजं आहे हे मी ओळखलं. आम्ही बरे आहोत. बाबाही बरे आहेत, म्हणजे आता बरे झाले. तुझ्याकडे मोबाइल नाही म्हणून हे पत्र, आणि बाकी सगळ्यांकडे तो आहे म्हणून पुढचं रामायण.

निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं तुझा भाऊ लोकांच्या इमारतींत शिरून जिने मोजतो, हे तुला सांगायला नको. पायरीची उंची, कठड्याची जाडी, कुठल्या वळणावर माणूस थांबून श्वास घेतो, सगळ्याचे मिळून बेचाळीस तक्ते झालेत. मागच्या वर्षी वाचनालयात त्यावर व्याख्यान झालं तेव्हा पाच जण होते: मी, ग्रंथपाल बाई, खुर्च्या मांडणारा, बस चुकलेले एक गृहस्थ आणि तू. सातव्या तक्त्याला तू घोरायला लागलीस. बाबा म्हणाले, "जे जागे आहेत त्यांच्यासाठी पुढे चालू ठेवतो." तू उठून गेलीस ती अकरा महिने फिरकली नाहीस. (चूक कोणाची यात मी पडत नाही. घोरणं मात्र चांगलंच मोठं होतं.) यंदा बाबांनी जाहीर केलं की पन्नासाला एक जरी श्रोता कमी पडला तर तक्ते रद्दीत घालीन आणि जिना हा शब्द तोंडातून काढणार नाही. सरावासाठी म्हणून की काय, त्यांनी आठवडाभर आधीच गप्प राहायला सुरुवात केली. समोर बसून मुकाट्याने जेवायचे. आत्या, मला खरंच भीती वाटली.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, फलक कोण वाचतंय, हल्ली मेसेज गेल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. माझ्या फोनमध्ये बारा नंबर, त्यात दोन गॅसवाल्याचे. पण दवाखान्याच्या संगणकात गावभरच्या दाढांचे नंबर आहेत, आणि डॉक्टर परिषदेला गेले होते. मी लिहिलं: 'शनिवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या सभागृहात अवश्य यावे.' व्याख्यान हा शब्द मुद्दाम गाळला, कारण तो वाचून कोणी येत नाही हा अनुभव आहे. आता आमच्या संगणकाची पद्धत अशी की कुठल्याही मेसेजला तो स्वतःहून शेपूट जोडतो: 'दोन तास आधी काही खाऊ नये. जुना एक्स-रे सोबत आणावा. वेळ चुकल्यास पुढची वेळ सहा महिन्यांनी मिळेल.' नऊ वर्षं मी ते शेपूट रोज बघते. इतकं बघते की मला ते दिसेनासं झालं आहे.

एकशे त्रेचाळीस माणसं आली. प्रत्येकाच्या एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसरा हात गालावर, आणि सगळी उपाशी. नंबर कुठे मिळणार असं जो तो विचारायला लागला, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी बिचाऱ्यांनी चिठ्ठ्या करून वाटल्या. मग बाबा आले. अंगात पांढरा लांब सदरा, हातात तक्त्यावर उजेड पाडायची बॅटरी. त्यांनी बॅटरी लावली मात्र, पहिल्या तीन रांगांनी सवयीने तोंडं उघडली. (बाबा अजून सांगतात, इतकी आ वासून ऐकणारी माणसं जन्मात पाहिली नाहीत.) आपला नंबर जाईल या धास्तीने दीड तास कोणी उठलं नाही, आणि रिकाम्या पोटी कोणाला झोपही आली नाही. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एक आजोबा गाल धरून उभे राहिले आणि म्हणाले, "दुखेल का?" बाबांनी बराच विचार केला. म्हणाले, "चढताना नाही. उतरताना दुखतं." आजोबा समाधानाने बसले. मग एका बाईंनी एक्स-रे पुढे केला. बाबांनी तो दिव्यासमोर धरला, डोळे बारीक केले आणि सांगितलं, "डावीकडून तिसरी पायरी झिजली आहे." बाईंनी लिहून घेतलं.

सोमवारी डॉक्टर परतले. माझी नोकरी गेलीच असं धरून मी डबासुद्धा नेला नव्हता. त्यांनी आधी त्या बाईंचं तोंड तपासलं, तर डावीकडून तिसरी दाढ खरोखरच झिजलेली निघाली. डॉक्टरांनी तो एक्स-रे पुन्हा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, सगळ्यांना माफीचा मेसेज पाठवा. मी पाठवला. त्यालाही शेपूट लागलं, त्यामुळे निम्म्या गावाने दोन तास उपाशी राहून माफी वाचली. ज्यांची वेळ चुकली होती ते आता फोनवर फोन करताहेत, म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाबांचं व्याख्यान पुन्हा ठेवलं आहे. तक्ते वाचले. बाबा खूश आहेत. तुला आपलं कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी (असं तूच म्हणायचीस) भाची

ता. क. बाबा खूश आहेत हे अर्धंच खरं. त्या दिवशी माणसं भिंतीला टेकून उभी होती, तरी पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची रिकामी होती. बाबांनी तिच्यावर आपली छत्री ठेवली होती. सुजल्या गालाचे एक गृहस्थ बसायला गेले तर म्हणाले, "इथे माणूस येणार आहे." घरी आल्यावर मी म्हटलं, बाबा, एकशे त्रेचाळीस. तर चपला काढत म्हणाले, "एक कमी पडला."

ता. क. २. सहा वाजता. सभागृह दुसऱ्या मजल्यावरच आहे, पण मागच्या दाराने लिफ्ट आहे. लिफ्टने आलीस हे मात्र बाबांना सांगू नकोस.

ता. क. ३. पोटभर जेवून ये. झोप लागली तर खुशाल घोर. बाबांनी या वेळी माइक सांगून ठेवला आहे.