फळ्यावर तुमचं पुस्तक का नाही

ती. वन्सं यांना,

भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून वाकता आलं तेवढंच. उरलेलं समजून घ्या).

तुमचे गुडघे कसे आहेत? नवे दात बसले का, की अजून डबीतच असतात? आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे बंधुराज तर जास्तच बरे आहेत, कारण काडी टाकून ते मोकळे झाले. वाचनालयाच्या फळ्यावर मी दर महिन्याला एक आवडतं पुस्तक लावते आणि वर्षभरात त्यात तुम्ही लिहिलेलं आठवणींचं पुस्तक एकदाही आलं नाही, हे त्यांनीच तुम्हाला फोनवर सांगितलं. तेव्हापासून तुमचा फोन नाही. सुट्टीत येणार होतात तेही रद्द. वर निरोप काय, तर जिला मी वाचायला शिकवलं तिला माझंच पुस्तक वाचवेना. वन्सं, मी फटकळ आहे, पण इतकी नाही. सगळं पहिल्यापासून सांगते, मग काय रुसायचं ते रुसा.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मोठं मशीन चादरी घेऊन एकदा फिरायला लागलं की पन्नास मिनिटं हाताला काम नसतं. बाकीच्या बायका तेवढ्यात सुपरवायझरला शिव्या घालतात. मीही घालायची, पण एकाच माणसाला किती वर्षं घालणार? त्याच्यात तेवढा मालच नाही. म्हणून समोरच्या वाचनालयात नाव घातलं. मशीनच्या एका फेरीत माझी आठ पानं होतात, जोडाक्षरं कमी असली तर दहा. तिथल्या ग्रंथपालबाईंचा नियम असा, की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचलेल्यातलं एकच पुस्तक निवडायचं, का आवडलं ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहायचं, आणि चिठ्ठी पुस्तकासकट बाईंच्या हातात द्यायची. चिठ्ठी फळ्यावर, पुस्तक खालच्या फळीवर. (पुस्तक जमा नाही तर चिठ्ठी नाही. एक म्हातारे मास्तर पुस्तक घरी विसरले, तर बाईंनी त्यांना भर उन्हात परत पिटाळलं.)

जानेवारीत मी नळदुरुस्तीचं पुस्तक निवडलं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. म्हणाल्या, "अहो, काहीतरी साहित्य निवडा." मी म्हटलं, "बाई, चार महिने मोरी गळत होती, ती या पुस्तकाने थांबली. तुमच्या साहित्याने माझं काय थांबवलंय?" चिठ्ठीत तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाला सात जणांनी नंबर लावले. (मोरी थांबली हे खरं, पण त्याआधी स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं होतं आणि बंधुराज पाटावर उभे राहून मला चौथं पान पुन्हा वाच म्हणून ओरडत होते. ते चिठ्ठीत मावलं नाही.)

एप्रिलमध्ये एका खुनाच्या पुस्तकापायी फार वाईट झालं. खून कोणी केला ते अगदी तोंडावर आलेलं आणि मशीन थांबलं. मी डोळे पानात ठेवूनच दुसरा घाणा आत ढकलला. त्यात ऑपरेशनचे नवे हिरवे झगे आणि वॉर्डातल्या पांढऱ्या चादरी एकत्र गेल्या. आठवडाभर पेशंट पोपटी चादरींवर झोपले. एक आजोबा म्हणे डोळ्यांत बिघाड झाला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवा असं सांगत होते. सुपरवायझर मला बोलला ते बोलला, मी ऐकून घेतलं, कारण ऐकताना मला कळलं की खून डॉक्टरीणबाईनेच केला असणार. आणि केलाच होता! आता सांगा, त्या महिन्यात दुसरं कुठलं पुस्तक लावू?

ऑगस्टात सहाशे पानांची कादंबरी. त्यातली बाई लग्न करू की नको करू करत चारशे पानं खिडकीत उभी राहते. मी चिठ्ठीत लिहिलं, "हिला कोणीतरी दोन बादल्या कपडे द्या." तरी निवडली, कारण ते धोंड धरून हात दुखले तरी मी ती संपवली. एवढं केल्यावर नाव नको लागायला?

आता तुमच्या पुस्तकाकडे येते. वाचलं नाही म्हणता? वाचलं. तुमच्या शाळेतल्या नोकरीचं छान आहे. पण वन्सं, घरातल्या मांजराला अख्खं प्रकरण आणि मला दीड पान? त्या मांजराने तुमची बाळंतपणं काढली का? आणि मी वाचायला शिकताना पेपर फेकला असं लिहिलंय. फेकला नव्हता, ठेवला होता. जरा लांब. पुढे मात्र तुम्ही लिहिलंय, "तोच पेपर तिने स्वतः उठून आणला आणि अडलेला शब्द पुन्हा वाचला. इतकी हट्टी विद्यार्थिनी मला शाळेत कधी मिळाली नाही." हे तुम्ही मला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतंत तर मी त्या दिवशी आमटी खारट केली नसती.

तर डिसेंबरचा शनिवार यायचा आहे. आता तुम्हीच ठरवा. गुडघ्यांना शेक द्या, दात तोंडात ठेवा.

तुमची,
दीड पानाची भावजय

ता. क. एक राहिलं. तुम्ही आम्हाला प्रत दिलीच नाहीत. वाचनालयाला भेट पाठवलीत, का, तर तिथे चार माणसं वाचतील. फेब्रुवारीत ती आली त्याच दिवशी मी घरी नेली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवून घेते आहे. तुमची ती चारही माणसं मीच. जमाच केली नाही, तर चिठ्ठी कशी लागणार?

ता. क. दुसरा. जमा करताही येत नाही. त्रेसष्टावं पान, ते हट्टी विद्यार्थिनीचं, सुटलंय. (वाफेजवळ वाचायचं नव्हतं, हे आता कळून काय उपयोग.) ते मी इस्त्री करून सरळ केलं आणि कामाच्या टेबलासमोर भिंतीला लावलं. तिथून ते हलणार नाही. तेव्हा एक नवी प्रत लागेल. पोस्टाने नको. शनिवारच्या आधी स्वतः घेऊन या.

ता. क. तिसरा. चिठ्ठी लिहून ठेवली आहे, नंतर बदल सांगू नका: "मांजराचं फार झालंय. तरीपण."