कोल्ह्यांसाठी नेलेली बंदूक

प्रिय टॅमसिन,

हे पत्र तू अर्ध्यावर टाकून देशील, हे धरूनच लिहिते आहे. याआधी चार कागद फाडले. प्रत्येकात मी होते त्याहून जरा बरी दिसत होते.

दुष्काळाचा तो तिसरा उन्हाळा. तू सतरा वर्षांची होतीस. मी शेतकऱ्यांच्या मदतकेंद्रात नुकतीच लागले होते. घरोघर जायचं, चाऱ्याच्या अनुदानाचे अर्ज भरून द्यायचे, चहा प्यायचा आणि माणूस बोलता बोलता कुठे गप्प होतो ते पाहायचं, हे काम. तुझा बाबा लिंडसे गप्प होतच नव्हता. त्याचे विनोदावर विनोद चालले होते. फक्त, आपल्यामागे कुत्रीला कोण ठेवून घेईल, हे त्याने मला दोनदा विचारलं.

माणूस स्वतःच्या जिवाचं काही करेल अशी भीती वाटली की आपल्याकडे काय करतात ते तुला कोणी सांगितलं नसेल, कारण ते बोलायचं नसतं. कोणीतरी जाऊन म्हणतं, माझ्याकडे कोल्हे माजलेत, तुझी बंदूक दे जरा. खरं कारण दोघांनाही माहीत असतं, पण माणसाची लाज राहते. मीही तेच म्हणाले. लिंडसेने बंदूक काढून दिली. "तुझ्या दोन कोंबड्या, नॅरेल," तो म्हणाला. "कोल्हेच उपाशी मरतील." मी हसले. बंदूक घरी कुलपात ठेवली आणि रोजनिशीत लिहिलं, आज एक माणूस वाचवला.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. कोल्हे संपले का, विचारत होता. बंदूक परत मागितली की सावध व्हायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी म्हणाले, अजून दोन दिसतात. "बरं, असू दे," तो म्हणाला. कशाला हवी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कोल्ह्यांचं सोंग उघडं पडलं असतं. त्यानेही सांगितलं नाही. शेजाऱ्याकडे मागावी, तर तुझी कुठे गेली, असं त्याने विचारलं असतं.

पुढचं तू पाहिलंस. आटलेल्या तळ्याच्या चिखलात पोटापर्यंत रुतलेल्या एकेचाळीस मेंढ्या, कावळ्यांनी जिवंतपणी डोळे फोडलेल्या. ओढून काढल्या तरी उभ्या राहत नव्हत्या. तू एकेकीचं डोकं धरलंस आणि त्याने सुरीने गळे कापले, सकाळपासून दुपारपर्यंत. गोळी का घालत नाहीस, म्हणून तू ओरडलीस. तो म्हणाला, "गोळ्या महाग आहेत." ते वाक्य घेऊन तू ॲडलेडला गेलीस, ती गेलीसच.

मला हे सगळं बंदूक परत द्यायला गेले तेव्हा कळलं. टॅमसिनला मी खरं सांगते, म्हणाले. त्याने नकारार्थी मान हलवली. "मग ती का नेलीस तेही सांगावं लागेल. निर्दय बाप तिला सोसेल. तसला नको." मी लगेच कबूल झाले. फार लगेच. गेली सात वर्षं मी नव्या कार्यकर्त्यांना त्याची गोष्ट नाव न घेता सांगते, आणि फोनच्या अलीकडे थांबते. ऐकून माणसं टाळ्या वाजवतात.

मंगळवारी लोकर कातरायच्या शेडमध्ये तो कोसळला. हृदय बंद पडलं. दफन पुढच्या शुक्रवारी अकराला आहे, आणि त्याची व्यवस्था मी पाहते आहे, म्हणून तुझी चिठ्ठी पाद्रींनी माझ्याच हातात दिली. गोळ्यांचे पैसे वाचवणाऱ्या माणसासाठी मी आठ तास गाडी चालवणार नाही, असं तू लिहिलं आहेस. त्या एका ओळीसाठी हे पत्र. लिंडसेला दिलेला शब्द मी मोडते आहे, तो जाब विचारू शकत नाही तेव्हा. ये किंवा येऊ नकोस. आलीस तरी आता त्याला कळणार नाही. गेल्या नाताळात कळलं असतं. त्याने टेबलावर दोन ताटं मांडली होती. मी पाहिली, आणि मला तेव्हाही सगळं माहीत होतं.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
नॅरेल