मागून खो येईपर्यंत

२ सप्टेंबर
अक्काकडं येऊन पंधरवडा होत आला. रात्री जेवताना भाऊजी ताटाकडं बघतच बोलले, "बालाजी, आता काय बेत?" म्हणजे निघा.
सकाळी वडगावच्या रस्त्यानं पळून आलो. पोलीस भरती दोनदा हुकली तरी पाय काही पळायचं सोडत नाहीत. शाळेच्या गेटात हेडसरांनी गाठलं. पी.टी.चे सर रिटायर झाले, जागा भरली नाही, त्यांच्या तासाला गणिताच्या बाई गणितच घेतात. म्हणाले तालुक्याच्या स्पर्धेपर्यंत पोरं खेळवता का, पाचवी ते दहावी. हो म्हणून बसलो. इकडं दत्त्याला, माझ्या दोस्ताला, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कामाला दोन दिवसात येतो असं सांगून ठेवलेलं.

४ सप्टेंबर
दत्त्याला फोन करून नाही म्हणालो. "मास्तर झालास का बे?" लई वेळ हसत होता.
मला खेळ शिकवता येत नाही. भरती येते. म्हणून भरतीच लावली. पळणं, उठाबशा, गोळाफेक. पाचवीतली एक चिमुरडी गोळा पोटाशी धरून म्हणते, "सर, ह्यो फेकायचा कावून? पुन्हा आपल्यालाच आणावा लागतोय की."
नववीची पोरं मात्र एकदम खूश. गावात खेळ म्हणजे भरतीच. गेटाशी एक म्हातारा थांबला, पाचवीची लंगडी बघत होता. लंगडीला भरतीत मार्क हायत का म्हणे. नाहीत म्हणालो. मग कावून खेळायची? मलाही पटलं. लंगडी बंद केली, त्यांनाही पळायला लावलं.
दहावी आलीच नाही. जादा तास.

९ सप्टेंबर
मैदान गेलं. गावानं उडीद वाळत घातलाय. हेडसर म्हणतात दरसाल असतंय, चार दिवस कळ काढा. खो-खोचे दोन खांब उडदात उभे, त्यावर कुणाचं तरी धोतर वाळतंय.
मग डांबरी रस्ता. सगळी शाळा रस्त्यानं पळवली, फाट्यापर्यंत आणि परत. ट्रॅक्टरवाले हॉर्न देऊन देऊन हसतात. मागं राहील त्याला दोन फेऱ्या जादा, असा कायदा केलाय. भरतीच्या अकॅडमीत आम्हाला हाच होता.

१३ सप्टेंबर
उडीद उचलला. चुन्याच्या रेषा मारायच्या म्हणून वडगावच्या बाजारात चुना आणायला गेलतो. बाजारात एक बोकड सुटला होता, माणसं मागं, तो पुढं. मीही पळालो. धरला एकदाचा. मालकानं भजी खाऊ घातली, मग त्याच्या टेम्पोत बकऱ्या चढवू लागलो, मग चहा. घरी आल्यावर चुना आठवला. राखेनं रेषा मारल्या.
पोरींची खो-खोची टीम उभी राहते आहे. आठवीची पल्लवी, मेंढरंवाल्या तात्याची पोरगी. तिच्यासारखी दुसरी नाही. खांबावर झेप घेते तेव्हा बाकीच्या खेळ सोडून बघतात. फक्त एक खोड. आठजणी ओळीत उकिडव्या बसतात, मागून खो आल्याशिवाय उठायचं नसतं. पल्लवी आधीच उठते. दम निघत नाही. दहादा सांगितलं. हसते आणि पुन्हा उठते.
कुठं टिकून बसायचं नाही ही माझीच सवय तिला कशी लागली म्हणून अक्का चिडवते.

१७ सप्टेंबर
आज पल्लवी पळताना मागं राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली काटा मोडला सर. कायदा सगळ्यांना सारखा म्हणून दोन फेऱ्या जादा दिल्या. पळाली. एक शब्द बोलली नाही.

१९ सप्टेंबर
अक्का हापशावरून आली ती घागर आपटूनच. पल्लवी तिथं पाय धूत होती. गुडघ्याखाली बोराएवढं टेंगूळ, हात लावला की डोळ्यात पाणी. ओढणीच्या चिंध्या बांधून पळते आहे किती दिवस. अक्का म्हणाली, "काटा न्हाई त्यो. तुझ्या पळवण्यानं झालंय ते."
तात्याच्या घरी गेलो. तात्या मेंढरं वाड्यात घालत होता. तात्याला लंगडणं आधीच दिसलेलं. मेंढरामागं फिरताना समदेच लंगडतेत म्हणाला. मग हळूच खरं सांगितलं. त्याच्या आईनं, म्हणजे पल्लवीच्या आजीनं ठरवलंय की पोरगी मोठी झाली, नववीपासून मैदान बंद. तात्यानं मधला तोडगा काढलाय. टीम तालुका जिंकून जिल्ह्याला गेली तर खेळू द्यायचं. नाही गेली तर बंद.
म्हणून ती बोलत नव्हती.
तात्याला म्हणालो सोमवारी केजला डॉक्टरकडं नेऊ, मी येतो बरोबर. तोवर पळू नको असं पल्लवीला सांगायला पाहिजे होतं. बोलता बोलता एक कोकरू पायात आलं, ते कसं एवढं काळं झालं ते तात्या सांगत बसला, आणि सांगायचं राहूनच गेलं.

२४ सप्टेंबर
चार दिवस वही उघडली नाही. लिहायची इच्छा नाही पण लिहितो.
रविवारी दत्त्याचा फोन. गेवराईला एका माणसाकडं पिकअप चालवायचं काम आहे, आजच बघून जा. संध्याकाळपर्यंत येतो असं अक्काला सांगून गेलो. तिथं गाडी पैठणकडं निघाली होती, बसलो. पैठणहून नगर. रस्ता चांगला होता, गाणी चांगली होती. सोमवार कधी आला आणि गेला...
काल परत आलो. सोमवारी तात्या स्टँडवर दुपारपर्यंत उभा होता. मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून. पोरगी बरोबर. मग दोघं चालत घरी गेले.
आणि मी नसताना पल्लवी रोज पळत होती. पळणं चुकवील त्याचं नाव टीममधून कट, हाही माझाच कायदा. मी नसताना पळवायचं काम नववीच्या पोरांकडं, त्यांनी तो इमानदारीनं पाळला.

२५ सप्टेंबर
केज. तात्या, पल्लवी, मी. तात्या सोमवारबद्दल काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. म्हणाले वाढत्या वयाचं हाड आहे, अजून कच्चं, त्यावर ताण पडलाय. विश्रांती दिली तर भरून येईल. पळणं, उड्या, उकिडवं बसणं बंद. रेटत राहिलात तर तिथलं हाड ओढून निघू शकतं, मग ऑपरेशन.
मला विचारलं कशावर पळवता. डांबरीवर. कितवीची मुलं? पाचवीपासून म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. या वयात मुलं खेळतात हो, कसरत त्यातच होते, असं म्हणाले. मग विचारलं तुम्ही शिक्षक का. नाही म्हणालो.
येताना जीपमध्ये पल्लवी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, पल्लवी, तालुक्याला खेळायचं नाही. आपण पुढल्या वर्षी बघू. ती म्हणाली, "पुढल्या वर्षी तुमी कुठं असाल, सर?"


२६ सप्टेंबर
सकाळी पळायला गेलो नाही. पहिल्यांदा.
पाचवीला विचारलं काय खेळायचं. अर्धा तास भांडले. शेवटी लंगडी. ती गोळावाली चिमुरडी एका पायावर दम जाईस्तोवर फिरली, कुणाला शिवलीच नाही, तरी सगळ्यात जास्त तीच हसत होती. दहावीची पोरं वर्गाच्या खिडकीतून बघत होती. बाईंनी खिडकी लावून घेतली.
जादा फेऱ्यांचा कायदा बंद. नववीची पोरं नाराज. त्यातला एक म्हणाला सर, तुमी ढिले पडलात.
हेडसरांना पल्लवीचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले बारा जणींत नाव राहू द्या, कडंला बसू द्या, कोच तुमी, तुमी ठरवा.

२९ सप्टेंबर
तात्याकडं गेलो. म्हणालो आजीला मी समजावतो. तात्या म्हणाला तिला कोण समजावणार, तिनं मला समजावलंय. मग काठीनं जमीन उकरत म्हणाला,
"सर, तिचा पाय मला दिसत न्हाई का? मेंढराचा पाय दुखला तर मी खांद्यावर घेतो. पण ही एकदा बसली ना, तर तिला पुन्हा उठ म्हणणारं घरात कुणी न्हाई."
तुम्ही म्हणा की, असं म्हणालो. त्यानं वर बघितलं. त्याच्या नजरेत सोमवारचं स्टँड होतं.
परतताना दत्त्याचा फोन. पिकअपचं काम पक्कं. परवा दुपारी तो केजवरूनच जाणार, स्टँडवरून उचलतो म्हणाला. परवाच स्पर्धा. हो म्हणालो की काय म्हणालो ते आता नीट आठवत नाही. पिशवी मात्र भरली.

१ ऑक्टोबर, केजचं मैदान
गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय. मध्यंतर आहे.
सकाळी जीपमध्ये पिशवी टाकताना अक्कानं बघितलं. डब्यात चार भाकरी जास्त बांधल्या.
पल्लवी ड्रेस घालून आली. कडंला बसायचं म्हणून ठरलं होतं. पहिला डाव झाला. आपण मागं आहोत. फार नाही, दोन गडी. पोरी बऱ्या खेळल्या, पण खांबाशी कुणाचा हात पुरत नाही. तिथं पल्लवी असती तर. हे सगळ्यांना दिसतंय. पलीकडच्या टीमच्या मास्तरलाही दिसतंय, तो आमच्या कडंच्या पोरीकडं सारखं बघतोय.
आमची कॅप्टन येऊन हळूच विचारून गेली, "सर, पल्लवीला घेऊ का? एकाच डावापुरतं." थांब म्हणालो.
तात्या आला आहे. दोरीच्या पलीकडं, घोंगडी खांद्यावर, एकटाच. माझ्याकडं बघत नाही, पोरीकडं बघतो. मेंढरं कुणाकडं ठेवली कोण जाणे.
मघाशी तात्यापाशी गेलो. म्हणालो मी तिला खेळवणार नाही, हरलो तरी. आणि घरी येऊन आजीसमोर मीच उभा राहतो, आज, उद्या, ती हो म्हणेपर्यंत. तात्या म्हणाला, "येताल?" एवढंच. मी होय म्हणून मान हलवली. खिशात फोन वाजत होता. दत्त्या स्टँडवर पोचला असणार. तात्याला आवाज ऐकू गेला. उचला म्हणाला.
उचलला नाही. बंदही केला नाही.
शिट्टी होईल आता. पल्लवीनं बुटाच्या लेस आवळून बांधल्यात. डॉक्टरनं नको म्हटलं होतं तशीच कडंला बसली आहे, उकिडवी, टाचा वर, दोन्ही हात मातीत टेकवून. माझ्याकडं पाठ आहे. तिला माहीत आहे मी मागं आहे. आज पहिल्यांदाच ती आधी उठत नाही.
मागून आवाज यायची वाट बघते आहे. मी वही मिटतो आणि तिच्यापाशी जातो. काय बोलायचं ते माहीत आहे: आज बस, पुन्हा उठ म्हणायला मी आहे. फोन अजून वाजतोय.