पडद्याच्या अलीकडचं मरण

३ नोव्हेंबर
ऑफिसच्या नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी माझा खून होणार. पाठीत सुरा. संवाद एकच : "तू?" आजवर माझ्या वाट्याला ट्रे आणणारा नोकरच आला. सिरियलमध्ये कोणीही मेलं की बायको रुमाल भिजवते, आणि मी स्टेजवर आलो की पर्स आवरत बसते. या वेळी तिला रडवणारच.

७ नोव्हेंबर
अभ्यास म्हणून सिनेमे पाहिले. गोळी लागलेला माणूस सगळ्यांची सोय लावल्याशिवाय मरत नाही. दिग्दर्शिका, म्हणजे हिशेब खात्यातल्या बाई, म्हणतात की सुरा लागला की सोफ्यामागे पडा, लगेच पडदा येतो. बाईंना सगळीकडे हिशेबच दिसतो.

१० नोव्हेंबर, दुपार
घरी तालीम. दारापासून फ्रिजपर्यंत सरपटत मेलो. बायको म्हणाली, अहो, तिथे आहातच तर फ्रिजखाली गेलेलं झाकण काढा. तिला धक्का पचत नाहीये, उघड आहे. झाकण काढलं.

१६ नोव्हेंबर
सोफ्यामागे उजेड नाही. खुनी (आमचा स्टोअरकीपर) म्हणतो, मेलेल्याला उजेड कशाला? उद्या सरपटत पुढे येऊन अगदी कडेला मरणार. कोणाला सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, प्रयोगानंतर
मेलो. उत्तम मेलो. खुनी विंगेत जाऊन परत डोकावला, तरी मी मरतच होतो. शेवटचा श्वास स्टेजच्या टोकाला सोडला. मग पडदा पडला, तो माझ्या मागे. नाटक आत, मी बाहेर. हॉलचे दिवे लागले. उठलो असतो तर खून खोटा ठरला असता, म्हणून मध्यंतरभर मेलेलाच राहिलो. लोक चहा घेत बघायला आले. साहेबांनी रिकामा कप माझ्या कोपरापाशी ठेवला. शेवटी बायको आली. वाकून म्हणाली, अहो, उठा आता, शर्टावरचा डाग वाळतोय. तिचे डोळे वाहत होते, खांदे गदगदत होते, पुढे बोलताच येईना. जिंकलो.

१९ नोव्हेंबर
बाईंनी बदल केला. पुढच्या प्रयोगात माझा खून पडदा उघडण्याआधीच झालेला असेल. सोफ्यामागून फक्त पाय दिसतील. म्हणजे आता संयत अभिनय. नुसत्या पायांनी मृत्यू दाखवायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. आरशासमोर अंगठ्यांची तालीम सुरू.

२३ नोव्हेंबर
बाईंचा फोन. तालमीत पाय फार हलतात म्हणे. नुसते बूट पाठवा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. बायकोने बूट पुसून पिशवीत घातले. ती मात्र प्रयोगाला जाणार आहे.